एकटीने व्हिएन्ना, ट्रेनने: शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघा, रविवारी रात्री घरी

आंबेहळद

म्युनिक आणि आसपासच्या मराठी मुली हल्ली बरेचदा विचारतात की एकटीने वीकेंडला कुठे जावं, फार खर्च नको, फार धावपळ नको आणि भीती वाटायला नको. माझं उत्तर ठरलेलं असतं, व्हिएन्ना. आणि ट्रेननेच. दरवेळी फोनवर सांगताना अर्धं राहून जातं म्हणून इथे सगळं लिहून काढते, बाकीच्यांनी भर घाला.

म्युनिकहून थेट रेलजेट ही वेगवान गाडी साधारण चार तासात व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला पोचते. विमानाने उडायला तासभरच लागतो हे खरं, पण दोन्हीकडचं विमानतळापर्यंत जाणं, सिक्युरिटी, वाट बघणं धरलं तर वेळ तेवढाच जातो आणि त्यातलं काहीही आपल्या कामाचं नसतं. ट्रेनमधे चार तास तुमचे असतात. दिवसाउजेडी जात असाल तर म्युनिक सोडल्यावर उजव्या हाताला आल्प्सची रांग येते आणि प्रीनच्या पुढे डाव्या हाताला कीमझे तलाव अधूनमधून दिसतो, त्यामुळे साल्झबुर्गपर्यंत पुस्तक उघडू नका. लिन्झच्या पुढे नवा मार्ग लागतो, तिथे गाडी ताशी २३० किमीपर्यंत जाते आणि बोगदेही बरेच आहेत, डुलकी काढायची तर तिथे काढा. ही मूळ रेल्वे जुनी आहे बरं का, व्हिएन्ना ते लिन्झ १८५८ मधे सुरू झाली आणि साल्झबुर्गपर्यंत १८६० मधे.

उतरलात की खाली यू१ मेट्रो, तिसऱ्या स्टेशनवर श्टेफान्सप्लात्स. जिन्याने वर आलं की समोर थेट श्टेफान्सडोम हे मोठं चर्च उभं. रात्री साडेनऊ-दहाला सुद्धा तिथे भरपूर माणसं असतात, आइस्क्रीम खात फिरत असतात, एकटीने पहिल्यांदा आलेल्या मुलीला तेवढ्यानेच हायसं वाटतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. दोन दिवसात व्हिएन्नाचं "सगळं" बघायची यादी करू नका. एकटं जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कुणाला भूक लागलेली नसते, कुणाचे पाय दुखत नसतात, कुणाला पुढच्या ठिकाणी जायची घाई नसते. तो फायदा धावपळीत घालवायचा का? मी सकाळी एक आणि संध्याकाळी एक एवढंच ठरवते, मधला वेळ मोकळा.

शनिवारी सकाळी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे कला-इतिहासाचं संग्रहालय, दार उघडतं दहाला, तेव्हाच. इमारत १८९१ मधे लोकांसाठी उघडली. आत सरळ ब्रॉयगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या दालनात जायचं. पीटर ब्रॉयगेलची जगातली सगळ्यात जास्त चित्रं एका जागी इथेच आहेत, डझनभर, आणि ती लाकडी फळ्यांवर रंगवलेली आहेत. मधे बसायला जागा असते. बर्फातले शिकारी, बॅबेलचा मनोरा ही नावं ऐकलेली असतात, पण मला सगळ्यात आवडतं ते १५६० मधलं मुलांच्या खेळांचं चित्र. एका चौकात दोनशेच्या वर मुलं आणि प्रत्येक जण काही ना काही खेळतोय. अगदी पुढे डाव्या कोपऱ्यात दोघी बसल्यात त्या चक्क सागरगोटे खेळतायत, त्यांचे हाडाचे आहेत एवढाच फरक! मग शोधत बसायचं, आंधळी कोशिंबीर सापडते, चाक फिरवणारी पोरं सापडतात, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारणारी सापडतात. माझी आजी मिरजेच्या वाड्यात ओसरीवर बसून जे खेळ खेळली ते साडेचारशे वर्षांपूर्वी फ्लँडर्समधली मुलं खेळत होती हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या फळीसमोर बसून एकेक खेळ स्वतः शोधणं वेगळं. तासभर कसा जातो कळत नाही. शेजारीच शेतकऱ्यांच्या लग्नाचं चित्र आहे, त्यात वाढपी दाराची फळी काढून तिच्यावरच ताटल्या ठेवून पंगतीत आणतायत.

संध्याकाळी श्टाट्सओपर, म्हणजे सरकारी ऑपेरा. बसायची तिकिटं महाग असतात पण उभं राहून बघायची तिकिटं वीस युरोच्या आत मिळतात आणि ती प्रयोगाच्या दिवशीच विक्रीला येतात. लवकर जाऊन रांग लावायची. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा, मग ती जागा तुमची, खुशाल बाहेर जाऊन काही खाऊन या, कुणी हात लावत नाही. तळमजल्यावरची उभ्याची जागा खुर्च्यांच्या अगदी मागे मधोमध आहे, तिथला आवाज ऐकाच. समोर छोट्या स्क्रीनवर भाषांतर चालू असतं. माझ्या शेजारी एक आजोबा होते, हातात जुनं स्वरलिपीचं पुस्तक, प्रत्येक ओळीबरोबर बोट फिरवत होते. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दर्ग्यात गाणं होतं तिथे जमिनीवर बसून रात्र रात्र ऐकणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीयत, ती माणसं इथे पण भेटली असं वाटलं मला.

ही इमारत १२ मार्च १९४५ ला बॉम्बहल्ल्यात जळली. पुढची दहा वर्षं ती बांधत होते आणि ५ नोव्हेंबर १९५५ ला बेथोव्हेनच्या फिडेलिओने पुन्हा उघडली. शहर उद्ध्वस्त झालेलं असताना गाण्याचं घर आधी उभं करायचं हे ज्यांना सुचलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

रविवारचं नंतर लिहिते, जेवायला बसतेय.

---

सुमनमावशी

किती सुंदर लिहिलंयस गं. सागरगोट्यांचं वाचून डोळे भरून आले. पण आता मावशीचे प्रश्न. ऑपेरा संपून बाहेर पडायला रात्रीचे दहा-साडेदहा होणार, मग एकटी हॉटेलवर कशी जातेस? आणि खायचं काय, तिकडे शाकाहारी मिळतं का? माझी भाची पुढच्या महिन्यात जायचं म्हणतेय आणि तिची आई मला विचारतेय.

---

आंबेहळद

मावशी, शुक्रवार आणि शनिवार रात्री व्हिएन्नाची मेट्रो रात्रभर चालू असते. ऑपेराच्या बाहेरच कार्ल्सप्लात्स स्टेशन, तिथे तीन लाइन मिळतात. राहायची जागा बघताना मी एकच गोष्ट बघते, मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांत पायी पोचता आलं पाहिजे आणि रस्ता वर्दळीचा पाहिजे. हाउप्टबानहोफ आणि वेस्टबानहोफच्या जवळ हॉस्टेलं आहेत, मुलींची वेगळी खोली मागता येते. भाचीला सांगा ११२ हा नंबर सगळ्या युरोपात चालतो. आणि जिथे उतरली त्या जागेचं नाव घरी कळवून ठेवावं, हे मी अजूनही करते.

खायचं म्हणाल तर उपाशी राहायची वेळ येत नाही. केझेश्पेट्झ्ले मिळतं, म्हणजे चीजमधे घोळवलेले पिठाचे तुकडे आणि वर तळलेला कांदा, पोटभर होतं, पण पिठात अंडं असतं. गेर्मक्नोडल नक्की खायला सांगा, वाफवलेला मऊ गोळा, आत प्लमचा जॅम, वरून लोणी, साखर आणि वाटलेली खसखस. मात्र दोन ठिकाणी सांभाळायचं. बटाट्याच्या सॅलडमधे पुष्कळदा मांसाचं सूप घातलेलं असतं आणि साधं दिसणारं फ्रिटाटेनसुपे हे बीफच्या पाण्यातलं असतं. विचारूनच घ्यावं, इंग्रजी सगळ्यांना येतं.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका अजिबात! नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांमधून येतं, १८७३ पासून, डोंगरावरून उतारानेच वाहत येतं. रस्त्यात जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

---

रुळावरचा

तिकिटाचं मी सांगतो. म्युनिक ते व्हिएन्ना थेट तिकीट महिना-दीड महिना आधी काढलं तर स्वस्त पडतं, ऑस्ट्रियन रेल्वेच्या ॲपवर श्पारशीने नावाची तिकिटं बघा आणि जर्मन रेल्वेच्या साइटवर पण ताडून बघा कारण एकाच गाडीचे दोन्हीकडे वेगवेगळे भाव दिसतात. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, गाडी चुकली तर गेलं, त्यामुळे ऑफिसातून निघायची वेळ पक्की नसेल तर पुढची गाडी धरा.

आता ज्यांच्याकडे डॉइचलांडटिकेट आहे, ते २०२३ च्या मे मधे ४९ युरोला सुरू झालेलं महिन्याचं तिकीट, आता महाग झालंय, त्यांच्यासाठी एक युक्ती. ते तिकीट रिजनल गाडीत थेट साल्झबुर्ग हाउप्टबानहोफपर्यंत चालतं, हद्द ओलांडून सुद्धा. म्हणजे साल्झबुर्गपर्यंतचे पैसे वाचले. तिथून पुढचं तिकीट वेगळं काढायचं, रेलजेटचं किंवा वेस्टबानचं. वेस्टबान ही खाजगी कंपनी, २०११ पासून साल्झबुर्ग-व्हिएन्ना चालवते, ती वेस्टबानहोफला जाते, हाउप्टबानहोफला नाही, हे हॉटेल बुक करताना लक्षात ठेवा. वेळ तासभर जास्त जातो पण ऐनवेळी ठरलेल्या ट्रिपला हाच रस्ता परवडतो.

सीट रिझर्व्हेशन सक्तीचं नाहीये. पण शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ या गाड्या भरून वाहतात आणि यातल्या बऱ्याच पुढे बुडापेस्टपर्यंत जातात, तेव्हा दोन-चार युरो टाकून सीट घ्या. खिडकीची घ्या. शांत बसायचं असेल तर रुहेत्सोने, म्हणजे शांतता असलेला डबा निवडता येतो, तिथे फोनवर बोलायचं नाही.

आणि पासपोर्ट! शेंगेन आहे, म्हणजे या देशांमधे एरवी हद्दीवर तपासणी नसते, म्हणून घरी ठेवून जाऊ नका. २०१५ पासून ऑस्ट्रियाच्या हद्दीवर जर्मनीची तपासणी परत सुरू झाली, येताना साल्झबुर्ग-फ्राइलासिंगच्या आसपास पोलीस डब्यात चढतात. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड, दोन्ही मूळ. मोबाइलमधला फोटो चालत नाही. गाडी तिथे थोडी थांबते, म्हणून म्युनिकहून पुढची शेवटची लोकल पकडायची असेल तर मधे भरपूर वेळ ठेवा.

---

निशाचर

धागा छान, पण मला पटलं नाही. एवढं भाडं घालून जायचं आणि एका दालनात तासभर बसायचं? शोनब्रुनचा राजवाडा नाही, बेल्वेडेअरचं चित्रसंग्रहालय नाही, प्राटर बागेतला मोठा पाळणा नाही? मित्रांबरोबर गेलो तेव्हा आम्ही दोन दिवसात सगळं केलं, सकाळी आठ ते रात्री अकरा. परत कधी जाणं होईल सांगता येत नाही, मग जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यावं ना.

---

आंबेहळद

निशाचर, भारतातून आयुष्यात एकदाच येणारा माणूस असेल तर तुझं म्हणणं मला मान्य आहे, त्याने शोनब्रुन बघावंच. पण ज्या मुली चार तासांवर राहतात त्यांच्यासाठी मी लिहितेय, त्या परत जाऊ शकतात. शोनब्रुनमधे १४४१ खोल्या आहेत आणि लोकांना त्यातल्या चाळीसेक दाखवतात, त्या सुद्धा वेळ ठरवून दिलेल्या तिकिटावर, गर्दीबरोबर सरकत. बाग मात्र फुकट आहे आणि वरच्या टेकडीवर ग्लोरिएट नावाचा कमानींचा मंडप आहे, तिथे बसून अख्खं शहर दिसतं, ते मी सुचवेन.

बेल्वेडेअरचं तुझं बरोबर आहे, ते घालायलाच पाहिजे. क्लिम्टचं "चुंबन" हे चित्र तिथे आहे आणि हाउप्टबानहोफपासून चालत जाता येतं, रविवारी परतीच्या गाडीआधी बॅग लॉकरमधे टाकून सहज होतं.

पण मला जे म्हणायचंय ते वेगळं आहे. मैत्रिणींबरोबर गेले की आम्ही एकमेकींना बघतो, शहर मागे पडतं, त्यात पण मजा असते. एकटं गेलं की पहिला अर्धा दिवस थोडं अवघडल्यासारखं होतं, जेवायला एकटीने टेबल मागायचं, फोटो कोण काढणार, आणि मग कधीतरी दुपारी ते सगळं गळून पडतं आणि डोळे उघडतात. ते व्हायला वेळ लागतो. यादी घेऊन धावलं तर तो वेळच मिळत नाही.

---

केतकी_ब

हे अगदी खरं! मला हे कॉफीहाउसमधे जाणवलं. मेलांज मागवली, चांदीच्या ट्रेमधे कॉफी आणि सोबत पाण्याचा ग्लास, आणि मी तिथे दोन तास बसले, वेटरने एकदाही बिल आणून ठेवलं नाही, उलट पाणी बदलून दिलं. लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं असतात, शेजारच्या टेबलावर बाई एकटीच बसून काहीतरी लिहीत होत्या, कोपऱ्यात दोघं बुद्धिबळ खेळत होते. तिकडे एकट्या माणसाकडे कुणी बघतच नाही कारण निम्मे लोक एकटेच आलेले असतात. या कॉफीहाउस संस्कृतीला २०११ मधे ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलंय. पुण्यात एकटीने हॉटेलात जाऊन बसायची मला कधी सवय नव्हती, ती इथे लागली.

श्पेर्ल म्हणून १८८० चं आहे, तिथे जा, नाशमार्क्ट या खाण्यापिण्याच्या बाजारापासून जवळ.

---

वरळीचा_वारा

मी लिन्झला असतो, व्हिएन्ना मला सव्वा तास, महिन्यातून एखादा रविवार जातो. रविवारसाठी एक जागा सुचवतो जी यादीत कुणी लिहीत नाही, कार्ल-मार्क्स-होफ. यू४ ने शेवटपर्यंत जायचं, हाइलिगेनश्टाट, स्टेशनच्या समोरच आहे. १९२७ ते १९३० मधे व्हिएन्ना महापालिकेने कामगारांसाठी बांधलेली वसाहत, एक किलोमीटरहून लांब एकच सलग इमारत, मोठमोठ्या कमानी, साधारण १४०० घरं.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. आमची चाळ पण त्याच काळातली, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची, सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठीच बांधलेली. आम्ही सात माणसं १६० चौरस फुटांच्या खोलीत राहायचो आणि संडास मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून. तर मी जेव्हा पहिल्यांदा त्या कमानीखाली उभा राहिलो आणि तिथल्या माहितीत वाचलं की या प्रत्येक घरात सुरुवातीपासून पाण्याचा नळ आणि स्वतःचा संडास होता, बहुतेकांना बाल्कनी होती, एकूण जागेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर बांधकाम केलं आणि बाकी सगळी बाग आणि अंगण ठेवलं, कपडे धुवायची मोठी लॉन्ड्री, बालवाडी, वाचनालय, दातांचा दवाखाना हे सगळं आवारातच, तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून राहिलो बराच वेळ. साल जवळपास तेच, माणसं पण तीच, गिरणीत नाहीतर कारखान्यात राबणारी. फरक कुणी बांधलं आणि कुणासाठी काय मनात ठेवून बांधलं याचा होता.

पैसा कुठून आला हे पण वाचलं. १९२३ पासून त्यांनी घरांवर कर लावला, छोट्या घराला नाममात्र आणि बंगल्याला जबर, आणि त्यातून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर घरं बांधली. १९३४ च्या फेब्रुवारीत यादवी झाली तेव्हा याच इमारतीवर सरकारी फौजेने तोफा डागल्या. आज पण ही घरं महापालिकेचीच आहेत, लोक भाड्याने राहतात, खिडक्यांत कुंड्या, अंगणात पोरं सायकल चालवतात. शहराकडे अशी दोन लाखांच्या वर घरं आहेत. बाहेर लाल अक्षरात "व्हिएन्ना नगरपालिकेने बांधले" आणि साल लिहिलेलं असतं, ते एकदा ओळखायला लागलात की सगळ्या शहरात दिसत राहतं.

आवारातल्या जुन्या लॉन्ड्रीत छोटं संग्रहालय केलंय, रविवारी दुपारी उघडं असतं. लोक राहतात तिथे, तेव्हा अंगणात हळू बोला आणि खिडक्यांचे फोटो काढू नका, एवढं सांभाळा.

आता आमच्या चाळीच्या जागी पाचशे फुटांची घरं मिळायला लागलीयत, आईला नव्या घराचा ताबा मिळाला तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होतो. शंभर वर्षं लागली.

---

सुमनमावशी

वारा, तुझ्या आईला नव्या घराबद्दल माझा नमस्कार सांग. माझं माहेर नायगावचं, आम्ही पण बीडीडीतलेच. भाचीला ही जागा नक्की सांगते.

---

आंबेहळद

वारा, तुमची पोस्ट वाचून आता माझा पुढचा रविवार ठरला.

माझा रविवार सांगायचा राहिला होता. मी ७१ नंबरच्या ट्रामने त्सेंट्रालफ्रिडहोफला जाते, दुसऱ्या गेटला उतरायचं. ही १८७४ मधे सुरू झालेली दफनभूमी, अडीच चौरस किलोमीटर, इथे सुमारे तीस लाख माणसं पुरलेली आहेत, म्हणजे आज शहरात राहतात त्याहून जास्त. नावाने घाबरू नका, मोठमोठी झाडं, लोक शांतपणे फिरत असतात. संगीतकारांचा एक कोपरा आहे, बेथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स, श्ट्राउस सगळे जवळजवळ. बेथोव्हेन १८२७ मधे गेला, शूबर्ट लगेच पुढच्या वर्षी, अवघा ३१ वर्षांचा, आणि त्याला बेथोव्हेनजवळच जागा दिली होती. १८८८ मधे दोघांना जुन्या दफनभूमीतून इथे आणलं तेव्हा पण शेजारीच ठेवलं. आदल्या रात्री ऑपेरा ऐकलेला असतो आणि सकाळी इथे ताजी फुलं ठेवलेली दिसतात, कोण ठेवतं माहीत नाही, पण ती असतातच.

---

पावसाळी_ढग

मी पुण्याहून कामासाठी दोन महिने म्युनिकला येतोय, शेंगेन व्हिसा जर्मनीचा आहे. त्यावर ऑस्ट्रिया चालेल ना? आणि मुलगा असलो तरी एकट्याने परदेशात फिरायची पहिलीच वेळ आहे. माझा प्लॅन असा: शुक्रवारी संध्याकाळी निघायचं. शनिवारी म्युझियम, संध्याकाळी ऑपेरा. रविवारी सकाळी नाशमार्क्ट, थोडी घरच्यांसाठी खरेदी, मग कार्ल-मार्क्स-होफ, आणि संध्याकाळची शेवटची गाडी. जुलै महिना आहे. बरोबर आहे का?

---

आंबेहळद

व्हिसा चालेल, शेंगेन आहे, फक्त व्हिसावरच्या तारखा आणि दिवस बघून घे.

प्लॅनमधे तीन गोष्टी बदल. रविवारी नाशमार्क्ट बंद असतं आणि दुकानं पण बंद, स्टेशनवरची किराणा दुकानं तेवढी उघडी. त्यामुळे नाशमार्क्ट आणि खरेदी शनिवारी दुपारी म्युझियमनंतर कर, शनिवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार पण भरतो, पण दुपारनंतर तो आवरायला लागतो.

दुसरं, जुलै-ऑगस्टमधे श्टाट्सओपर बंद असतं, सीझन सप्टेंबर ते जून. संध्याकाळी डॉनाउइन्झेलला जा, डॅन्यूबमधलं २१ किलोमीटर लांब बेट आहे, यू१ थेट जाते, उन्हाळ्यात अख्खं शहर तिथे पोहायला असतं, कपडे घेऊन जा.

---

रुळावरचा

आणि तिसरं मी सांगतो, रविवारची शेवटची गाडी धरू नकोस, तिच्या आधीची घे. जुलैत रुळांची कामं चालू असतात, दोन दिवस आधी ॲपवर गाडीचा मार्ग परत एकदा बघ. जाताना सीट डावीकडच्या खिडकीची, तलाव दिसेल. जुलैत नऊपर्यंत उजेड असतो.

---

पावसाळी_ढग

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकीट आत्ताच काढलं, डावीकडची खिडकी मिळाली.